डिग्रीनंतर पुढे शिकायचंय? मग क्लास लावायच्या आधी हे वाचा, नागपूरच्या पोट्ट्यांनो

माझा मामेभाऊ काटोलचा, नागपुरात रूम करून बीएस्सी करून राहिला, आत्ता सेकंड इयर. मागच्या महिन्यात त्याचा फोन, "ताई, पुढे एमएस्सी करायचं म्हणतो, कोणता क्लास लावू?" मी म्हटलं आत्तापर्यंतच्या सेमची टक्केवारी सांग, तं गप्प. म्हटलं कॉलेजातल्या किती सरांना तुझं नाव माहीत आहे, तं हसला. म्हटलं दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर नाव सारखंच आहे ना, तं म्हणे "हे काऊन विचारून राहिली तू?"

म्हणून हे लिहून राहिले. दरवर्षी कोणाचा ना कोणाचा फोन येतो आणि पहिला प्रश्न क्लासचाच असतो. मी स्वतः इथलीच, मानेवाड्याची, बीएस्सी केमिस्ट्री इथंच केलं, मग जॅम (आयआयटी-एनआयटीतल्या एमएस्सीची एन्ट्रन्स) देऊन एका एनआयटीत एमएस्सी, आता पीएचडी. म्हणजे सायन्सचं मला आतून माहीत आहे, एमबीए आणि लॉचं घरातल्या आणि ग्रुपमधल्या लोकांकडून, त्यामुळे लिहिण्यात थोडा भेदभाव होईल, चालवून घ्या. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. मार्क कमी पडून जेवढे अडकले त्यापेक्षा जास्त लोक कागद, तारखा आणि "आपल्याला ओळखणारं कोणी नाही" यात अडकले. आणि या तिन्ही गोष्टी कोणताच क्लास शिकवत नाही.

आधी ठरवा की रोज काय काम करायचंय

परीक्षेचं नाव आधी आणि कामाचं नंतर, ही आपल्याकडची उलटी गाडी आहे. मित्र एमबीएची कॅट देऊन राहिला म्हणून मीपण कॅट. असं नका करू बापा. दोन वर्षं आणि भरपूर पैसे जातात.

लॉचा विचार असेल तं एक दिवस कॉलेज बुडवून सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात जा. कोर्ट सगळ्यांसाठी उघडं असतं, मागच्या बाकावर बसून ऐका, मोबाइल बंद ठेवा. अर्ध्या दिवसात चार तारखा पडताना बघाल, एक वकील दुसऱ्याची वाट बघताना बघाल, आणि एखादा तासभर खरंच जोरदार युक्तिवादपण ऐकायला मिळेल. हे बघूनही मजा आली तर एलएलबी तुमच्यासाठी आहे. माझ्या मैत्रिणीने असंच ठरवलं, आणि तिच्यासोबत आलेल्या दुसरीने त्याच दिवशी लॉचा नाद सोडला, दोघींचं बरं झालं.

सायन्सवाल्यांसाठी तर नागपूर म्हणजे खजिना आहे आणि आपण त्याच्या गेटसमोरून रोज जातो. वर्धा रोडला नीरी आहे, १९५८ पासून, पाणी-हवा-कचरा यावर काम करणारी. कापूस संशोधन संस्था इथं, संत्र्यामोसंबीची केंद्रीय संस्था इथं, अमरावती रोडला मातीचं सर्वेक्षण करणारं राष्ट्रीय ब्यूरो, सिव्हिल लाइन्सला इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचं मुख्यालय, शिवाय जिऑलॉजिकल सर्व्हेचं मध्य विभागाचं ऑफिस. जिऑलॉजी, बॉटनी, केमिस्ट्री, भूगोल, कशातही पुढे जायचं असेल तर ज्या माणसाचं काम तुम्हाला पाच-सात वर्षांनी करायचंय तो माणूस बहुतेक तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर बसलेला आहे. त्याला मेल करा. पाच ओळींचा. मी कोण, काय शिकते, तुमचं अमुक काम वाचलं, त्यात मला हे कळलं नाही, अर्धा तास भेटता येईल का. "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी मच इंटरेस्टेड" असा एकच मेल पन्नास जणांना एकदम पाठवू नका, ते लगेच ओळखतात. दहा मेलला एक उत्तर येतं, एक पुरतं.

कोणती परीक्षा कशासाठी, पटकन

इंजिनिअरिंगवाल्यांना एमटेकसाठी गेट. फेब्रुवारीत असते, ६५ प्रश्न, १०० मार्क, तीन तास, त्यातले १५ मार्क जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे. स्कोअर तीन वर्षं चालतो, आणि थर्ड इयरलाच देता येते हे कित्येकांना माहीतच नसतं, म्हणजे फायनलच्या आधी एक खरीखुरी परीक्षा देऊन बघता येते. सरकारी कॉलेजात गेटवर एमटेक मिळालं तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड आहे. आपल्या व्हीएनआयटीचं एमटेकपण याच स्कोअरवर, सीसीएमटी नावाच्या एकत्र काउन्सेलिंगमधून.

बीएस्सीवाल्यांना जॅम, त्यावर खाली सविस्तर. सेंट्रल युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर सीयूईटी पीजी, बरोबरला चार, चुकला की एक गेला. एमबीएला कॅट आणि आपली राज्याची एमबीए सीईटी. या दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. कॅटमध्ये तीन सेक्शन, प्रत्येकी ४० मिनिटं, एका सेक्शनमधून वेळ वाचवून दुसऱ्याला देता येत नाही. सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि निगेटिव्ह नाही, म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवणं हा गुन्हा आहे. लॉची तीन वर्षांची सीईटी कोणत्याही डिग्रीवर देता येते, ओपनला ४५ टक्के लागतात, निगेटिव्ह नाही, मराठीतूनही पेपर असतो. एलएलएमला क्लॅटची पीजी परीक्षा, नागपूरची राष्ट्रीय विधी युनिव्हर्सिटी त्यातच येते. बाकी लॉला अ‍ॅडमिशन घेताना ऑप्शन फॉर्ममध्ये नीट बघा, आपल्याकडे दीक्षाभूमीच्या डॉ. आंबेडकर कॉलेजातपण लॉ आहे आणि विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय वेगळं आहे.

पीएचडी डोक्यात असेल तर नेट. त्यातून जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये. ही रक्कम घरी सांगा, "अजून किती शिकणार" हा प्रश्न थोडे दिवस बंद होतो.

एक लक्षात घ्या, टक्केवारी सगळ्यांना लागते. कॅटला बसायलाच ओपनला ५० टक्के हवे, आणि आयआयएमवाले दहावी-बारावी-डिग्रीचे मार्क धरून शॉर्टलिस्ट करतात. "एन्ट्रन्सवरच सगळं असते, कॉलेजचे मार्क कोण बघते" असं कट्ट्यावर जो सांगतो त्याचं अ‍ॅडमिशन कुठं झालं ते आधी विचारा. फर्स्ट इयरला दुसरं काही नाही केलं तरी चालेल पण एटीकेटी लावून घेऊ नका, ती शेपूट फायनलपर्यंत मागे येते. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी बाहेर पडायचं की चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं हापण निर्णय आहे. चौथं केलं तर पुढे पीजी एका वर्षाची होते, आणि चार वर्षांच्या डिग्रीत ७५ टक्के असतील तर नेटला सरळ बसता येतं. रिसर्चच करायचंय तर चौथं करा. लॉ किंवा एमबीए करायचंय तर मला तरी त्यात काही अर्थ दिसत नाही.

तारखा: मारबत निघाली की फॉर्म

माझी लक्षात ठेवायची पद्धत देशी आहे. पोळ्याच्या पाडव्याला इतवारीत मारबत निघते ना, त्या सुमारास कॅट आणि गेटचे फॉर्म सुरू असतात किंवा उघडायच्या बेतात असतात. गणपतीच्या दिवसांत जॅमचा फॉर्म. दिवाळीच्या फराळाचा डबा संपेपर्यंत बरेचसे बंद. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सहसा कॅट, आणि त्याच सुमारास आपल्या विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा, त्यामुळे कॅटवाल्यांनी फायनलच्या पाचव्या सेमचा अभ्यास उन्हाळ्यातच थोडा उरकून ठेवावा. फेब्रुवारीत गेट आणि जॅम. मग सीयूईटी पीजी, मग राज्याच्या सीईट्या.

म्हणजे खरी तयारी फायनलला सुरू करायचीच नसते, फायनलला फॉर्म भरायचे असतात. फायनलच्या जूनमध्ये "आता सिरियस होतो" म्हणणाऱ्याकडे जेमतेम आठ महिने असतात, त्यातले दोन कॉलेजच्या परीक्षेत आणि एक दिवाळी-लग्नांत.

जॅमचा अभ्यास मी कसा केला आणि कुठं चुकले

जॅमचे सात पेपर आहेत, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स, बायोटेक, जिऑलॉजी आणि इकॉनॉमिक्स. ६० प्रश्न, १०० मार्क, तीन तास. पहिल्या भागात ३० साधे एमसीक्यू, निगेटिव्ह फक्त इथंच. दुसऱ्यात १० प्रश्न ज्यांना एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकतात, सगळी बरोबर पकडली तरच मार्क, अर्धवटाला काही नाही. तिसऱ्यात २० प्रश्न ज्यांचं उत्तर आकडा म्हणून टाकायचं, ऑप्शनच नाही.

मी पहिले चार महिने काय केलं तर पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं आणि रंगीत पेनाने नोट्स काढल्या, भारी सुंदर नोट्स. मग एक जुना पेपर उघडला आणि ६० पैकी ११ प्रश्न आले. रडले थोडी. मग उलटं केलं, आधी जुने पेपर, मग पुस्तक. एक प्रश्न घ्यायचा, नाही आला तं ज्या चॅप्टरचा आहे तो काढायचा, तेवढंच वाचायचं, परत तोच प्रश्न. आणि एक चुकांची वही, साधी शंभर पानी. त्यात उत्तर नाही लिहायचं, का चुकलं ते लिहायचं. "युनिट बदललं नाही." "प्रश्नात नॉट होतं, वाचलं नाही." "थर्मो येतच नाही." दोन महिन्यांनी ती वही उघडली तर निम्म्या चुका घाईच्या होत्या, केमिस्ट्रीच्या नव्हत्याच. पुस्तक कितीही वाचलं असतं तरी त्या सुधारल्या नसत्या.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती कॅल्क्युलेटरची. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवर एक असतो, तो माऊसने एकेक बटन दाबून वापरायचा. मी पूर्ण वर्ष हातातल्या कॅल्क्युलेटरवर प्रॅक्टिस केली आणि पेपरच्या दिवशी लॉग काढायला मला इतका वेळ लागून राहिला होता की घाम फुटला, फेब्रुवारीत, एसीत. कॉम्प्युटरवर मॉक टेस्ट फुकट असतात, त्या माऊसनेच सोडवा. घरी कॉम्प्युटर नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये सोडवा, दहा-बारा झाल्या तरी हात बसतो.

क्लास लावू नका असं मी म्हणत नाही. बेसिक कच्चं असेल, किंवा घरी बसून होत नसेल, तर लावा. पण पैसे भरायच्या आधी दोन कामं करा. एक, महाज्योती, बार्टी, सारथी, टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या वेबसाइट बघा, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे, यांच्या फुकट कोचिंगच्या आणि फेलोशिपच्या जाहिराती निघतात. महाज्योतीचं तर मुख्य ऑफिसच नागपुरात आहे. दोन, महिनाभर अभ्यासिकेत बसून बघा. गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात आता, महिन्याची फी, एक खुर्ची, एक लाइट, कूलर. तिथं महिनाभर टिकलात तर क्लासची गरज निम्मी कमी झाली. फक्त एमपीएससीवाल्यांच्या चहाच्या ब्रेकमध्ये जास्त अडकू नका, तो ब्रेक दोन तासांचा असतो.

सरांना तुमचं नाव माहीत पाहिजे

रेकमेंडेशन लेटर, ज्याला सगळे एलओआर म्हणतात, ते परदेशात जाणाऱ्यांनाच लागतं असं वाटतं ना? समर फेलोशिपला लागतं, कित्येक ठिकाणी पीएचडीला लागतं. आणि ऐंशी पोरांच्या वर्गात सरांना तुम्ही म्हणजे रोल नंबर ४७.

माझं कसं झालं ते सांगते. सेकंड इयरला छोटा प्रोजेक्ट होता, मी फुटाळा तलावाचं पाणी घेतलं, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. दोन बीओडी बाटल्या (हवाबंद झाकणाच्या काचेच्या) भरल्या. एकीत ऑक्सिजन आहे तेवढाच धरून (फिक्स करून) ठेवणारं मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड तिथंच काठावर टाकलं, दुसरीची केमिकल संपली म्हणून ती तशीच बॅगेत टाकून, अ‍ॅक्टिव्हाच्या डिक्कीत घालून लॅबला आणली आणि तासाभराने टाकलं. टायट्रेशन केलं तर दुसरीत ऑक्सिजन बराच कमी. मला वाटलं माझाच हात चुकला, आकडा खोडून दोन्ही सारखे लिहावे का असंही डोक्यात आलं. तसं न करता वही घेऊन सरांकडे गेले. ते स्टाफरूममध्ये डबा खात होते, पोळी हातात तशीच ठेवून म्हणे, "डिक्कीत अंधार होता ना? मग त्या पाण्यातलं शेवाळ काय करत असेल तासभर?" श्वास घेत होतं, ऑक्सिजन खात होतं. म्हणूनच तो जागेवर फिक्स करायचा असतो. पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं होतं, मी दहा वेळा वाचलेलं.

त्या दिवसापासून सर मला नावाने ओळखायला लागले. पुढे त्यांनी लेटर लिहिलं त्यात हाच किस्सा होता, की या मुलीने न जुळणारा आकडा लपवला नाही. आणि पीएचडीच्या इंटरव्ह्यूत वीस मिनिटांपैकी दहा मिनिटं याच बाटलीवर गेली.

तर प्रॅक्टिकल संपलं की लगेच बॅग उचलून पळू नका, एक प्रश्न विचारत जा. खोटा नाही, खरा. लेटर मागायचं तर कमीत कमी दीड महिना आधी मागा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका: मार्कशीटची कॉपी, प्रोजेक्टचा रिपोर्ट, कुठं अर्ज करून राहिले आणि शेवटची तारीख काय, हे एका कागदावर. आपल्याकडे बरेचदा सर म्हणतात "तूच लिहून आण, मी सही करतो." तेव्हा पूर्ण लेटर नका लिहू, तुम्ही स्वतःबद्दल फक्त "हार्डवर्किंग, सिन्सिअर" एवढंच लिहाल. पाच मुद्दे लिहून द्या, कोणत्या प्रॅक्टिकलला काय केलं, काय चुकलं, काय सुधारलं. आणि सरांचा कॉलेजच्या डोमेनवरचा ईमेल आहे का ते आधीच विचारा, बाहेरच्या युनिव्हर्सिट्या जीमेलवरून आलेल्या लेटरकडे संशयाने बघतात.

सेकंड इयरच्या दिवाळीच्या आसपास इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समर फेलोशिपचे अर्ज निघतात, दोन महिने देशातल्या कुठल्यातरी लॅबमध्ये काम. भरा. नाही मिळाली तरी फॉर्मसाठी एक पान लिहावं लागतं, ते पुढे कामी येतं.

तेच एक पान, म्हणजे एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज)

पहिलं वाक्य "लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड होती" असेल तर खोडा. सगळ्यांनाच होती. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हेच होतं आणि खाली कलाम साहेबांचं एक वाक्यपण. सरांनी लाल पेनाने दोन्ही उडवलं आणि बाजूला लिहिलं "बाटली?" मग मी डिक्कीतल्या बाटलीपासून सुरुवात केली. तुमच्याकडेपण एखादी बाटली असेल. लॉवाल्याकडे आजोबांच्या शेताच्या फेरफाराची फाइल असेल, एमबीएवाल्याकडे बापाच्या दुकानाची उधारीची वही. तिथून सुरू करा आणि मग सांगा की हाच कोर्स का.

एमबीएच्या इंटरव्ह्यूत तुमच्या गावाबद्दल हमखास विचारतात, आणि आपले लोक "ऑरेंज सिटी" म्हणून थांबतात. झिरो माइल काय आहे, १९५६ पर्यंत नागपूर कोणाची राजधानी होतं, १९५३ च्या नागपूर करारात काय होतं आणि हिवाळी अधिवेशन इथं का होतं, मिहानमध्ये काय चाललंय, एवढं तरी नीट सांगता आलं पाहिजे. चुलतभावाला विचारलं होतं की संत्र्यावर प्रक्रिया करणारे कारखाने इथं जास्त का नाहीत. तो म्हणे "सर मी खातो फक्त." झालं सिलेक्शन, पण दुसरीकडे.

कागदपत्रं, म्हणजे खरा पेपर

इथं मी स्वतः पडले म्हणून जरा लांबवते.

आधी नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव पहिलं. कोणाच्या आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, कोणाचं नुसतं अक्षर, कोणाचं "राव" लागलेलं. बहुतेक सगळे फॉर्म दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे नाव मागतात आणि परीक्षेच्या गेटवर तुमचं आयडी बघतात. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर आधार दहावीप्रमाणे करून घ्या, ते सोपं आहे. उलटं करायला गेलात तर राजपत्र वगैरे लांबड लागते. हे काम फर्स्ट इयरला उरकायचं.

जातीचं प्रमाणपत्र असेल तर व्हॅलिडिटीपण (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) काढून ठेवा, राज्याच्या प्रोफेशनल कोर्सला लागते आणि अर्ज केला की महिनोन्महिने जातात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून कागद जमवावे लागतात, गावच्या शाळेत जावं लागतं, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत होत नाही कारण शाळा बंद असते. दिवाळीच्या आधी जा.

आता ओबीसीवाल्यांनी नीट वाचा. नॉन क्रिमीलेअर राज्याचं वेगळं आणि केंद्राचं वेगळं, नमुना वेगळा. आयआयटी, एनआयटी, आयआयएम, सेंट्रल युनिव्हर्सिटी, सगळ्यांना केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि सहसा त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं. शिवाय तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का तेपण बघावं लागतं, राज्यात एसईबीसी असलं तरी केंद्राच्या यादीत तसा प्रवर्गच नाही. ईडब्ल्यूएसचंही तेच, चालू आर्थिक वर्षाचं ताजं लागतं.

मला हे कधी कळलं? जॅमचा निकाल लागल्यावर, मे महिन्याच्या शेवटी, काउन्सेलिंगचे कागद अपलोड करताना. माझ्याकडे राज्याचं होतं आणि तेही मागच्या वर्षीचं. सूचनेच्या पीडीएफमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच ती वाचली नव्हती, नुसती डाउनलोड केली होती. मग ४५ डिग्रीत तोंडाला दुपट्टा बांधून आई आणि मी सेतूच्या रांगेत. आईच्या पर्समध्ये कांदा, ऊन लागू नये म्हणून. समोरच्या काकूंनी तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले मागितले, आमच्याकडे दोनच. परत घर, परत तलाठी, परत रांग. मिळालं शेवटी, मुदतीच्या दोन दिवस आधी. त्या आठवड्यात माझं वजन कमी झालं असेल, आईचं नक्की झालं.

तर एप्रिल लागला की पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका, तेव्हा रांग लहान असते. आपले सरकार पोर्टलवरून ऑनलाइनही होतं. प्रत्येक कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात वर्ष टाकून. "स्कॅन न्यू फायनल २" अशी नावं ठेवू नका, रात्री साडेअकराला मुदत संपताना चुकीचं अपलोड होतं. सही साध्या चालू हातात, कॅपिटल अक्षरात नाही.

फायनलचा निकाल आणि अ‍ॅडमिशनची मुदत यांची गाठ पडेलच असं नाही, कुठलंही विद्यापीठ घ्या. त्यामुळे आधीच्या सगळ्या सेमच्या मार्कशीटा हातात असू द्या, आणि कॉलेजकडून "फायनलचा निकाल बाकी आहे" असं पत्र मागून ठेवा. बाहेरदेशी जाणाऱ्यांनी ट्रान्सस्क्रिप्टचा (सगळ्या सेमच्या मार्कांचा विद्यापीठाचा अधिकृत कागद) अर्ज लवकर करा, एकदम जास्त कॉप्या घ्या.

पैसे आणि बाहेरदेश, थोडक्यात

फॉर्मच्या फीचा हिशेब आधी मांडा. गेट आणि जॅमला मुलींना आणि एससी-एसटीला फी जवळपास अर्धी असते, कॅटला मुलींना सवलत नाही आणि तो फॉर्म अडीच हजाराच्या घरात जातो, वर आयआयएम सोडून बाकी बहुतेक कॉलेजांचा वेगळा. उगाच आठ-आठ फॉर्म भरू नका, तीन-चार नीट भरा. एज्युकेशन लोन साडेसात लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय होतं, अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून. हप्ता साधारण कोर्स संपून वर्षभराने सुरू होतो, पण व्याज त्याआधीच चढत असतं हे बँकेत खोदून विचारा.

परदेशाचं म्हणाल तर तिथल्या मास्टर्स-पीएचडीसाठीची जीआरई आता दोन तासांच्या आतच संपते आणि स्कोअर पाच वर्षं चालतो, आयईएलटीएस आणि टोफेलचा दोनच वर्षं, म्हणून जीआरई आधी, इंग्रजीची नंतर. अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तीन वर्षांची बीएस्सी तिथं कमी पडते. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फी नाही हे खरं, पण फुकट नाही ते. एका वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच पैसे काढता येणारं खातं) दाखवावा लागतो आणि एपीएसचं, म्हणजे तुमच्या मार्कशीट-डिग्र्या तपासल्याचं, सर्टिफिकेट लागतं. एजंट सांगेल मी सगळं करून देतो. फॉर्म स्वतः भरा, एजंटला फक्त शंका विचारा.

पेपरच्या दिवशी

सेंटर कुठंही येतं, हिंगण्याच्या पुढचं इंजिनिअरिंग कॉलेज असू शकतं नाहीतर वर्धा रोडला लांब. आदल्या दिवशी एकदा जाऊन बघून या, मेट्रो जिथं संपते तिथून पुढे ऑटो मिळतो का तेही बघा, सकाळी सातला तिथं कोणी नसतं. अ‍ॅडमिट कार्डच्या दोन प्रिंट, ओरिजिनल आयडी, पातळ स्वेटर, कारण लॅबचा एसी समोरच्या मशीनसाठी असतो, तुमच्यासाठी नाही. आणि तर्री पोहे येताना खा. जाताना नका खाऊ, तीन तास बसायचं असतं.